शरीरात लोह जास्त झाले तर? आयर्लंडमध्ये थकव्याकडे दुर्लक्ष का नको?

लोह म्हटले की आपल्याला ॲनिमिया आठवतो. आयर्लंडमधील फॅमिली डॉक्टरांना मात्र उलटीही शंका घ्यावी लागते. तेथे सुमारे ८३ जणांमागे एकाला ‘हिमोक्रोमॅटोसिस’चा सदोष जनुक आई-वडील दोघांकडूनही मिळतो. अशांच्या शरीरात अन्नातील लोह जास्त शोषले जाते आणि वर्षानुवर्षे यकृत, हृदय, स्वादुपिंडात साठते. सुरुवातीला जाणवते ती फक्त थकवा, सांधेदुखी.

मग सरसकट तपासणी का नाही?
जनुक असलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. म्हणून लक्षणे असलेले आणि रुग्णाची भावंडे यांना प्राधान्य. भावंडांना धोका साधारण चारात एक.

तपासणी कोणती?
रक्तातील फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. ते वाढलेले असल्यास जनुकीय चाचणी.

उपचार?
ठरावीक काळाने रक्त काढणे. यकृत खराब होण्याआधी निदान झाले, तर आयुष्य इतरांसारखेच जगता येते.