नळ, वीज आणि हौशी कारागीर

आपल्या पांढरपेशा कुटुंबांत एक चमत्कारिक समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. मुलानें गणितांत पैकींच्या पैकीं गुण मिळवावेत, विजेचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवावेत. परंतु न्हाणीघरांतील नळ गळूं लागला म्हणजे मात्र ‘कोणाला तरी बोलवा’ एवढेंच म्हणून स्वस्थ बसावें! पुस्तकांतील वीज निराळी आणि भिंतींतील वीज निराळी, असेंच जणूं आपण मानतों. वास्तविक हात काळे करण्यांत कमीपणा न मानणारांची परंपरा आपल्याकडेहि आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. त्याच हातांनीं पुढें लोखंडी नांगर घडविला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. हीं उदाहरणें आपण मुलांना मोठ्या अभिमानानें सांगतों आणि घरांतील पाना-पक्कड मात्र माळ्यावर गंजत ठेवतों.

शहरांत हें खपून जातें, कारण तेथें कारागीर हांकेच्या अंतरावर असतो. खेड्यांत तसें नाहीं. गेल्या ज्येष्ठांत वेल्ह्यास जे तीन दिवस काढले, त्यांनीं माझी ही जुनी समजूत घालविली. आणि तिच्या जागीं उगवूं पाहणारा एक नवा अहंकारहि घालविला. ती हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

वेल्हे हें पुण्यापासून साठ-एक किलोमीटरांवरचें, तोरण्याच्या अगदीं पायथ्याचें गांव. तालुक्याचें नांव राजगड करण्यास २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मान्यता दिली; तरी लोकांच्या जिभेवर वेल्हे हेंच नांव अद्याप रुळलेलें आहे. याच भागांत पानशेत आणि वरसगांव हीं धरणें आहेत, आणि त्यांच्या पाण्यावर पुणें शहराची तहान भागते. मात्र डोंगराच्या उतारावरील एखाद्या एकट्या घराला धरणाचा काय उपयोग? आमच्या आत्याबाईंचें घर असेंच उतारावर आहे. घराच्या वरच्या अंगास एक झरा, त्यापासून घरामागच्या टांकीपर्यंत सुमारें चारशें फूट काळा प्लॅस्टिकचा नळ. हाच त्यांचा पाणीपुरवठा. आत्याबाईंचें वय अठ्याहत्तर. यजमान वारले, मुलगा परदेशीं. रोज रात्रीं नऊ वाजतां इंटरनेटवरून त्याच्याशीं व नातवाशीं बोलणें होतें, तो त्यांच्या दिवसाचा खरा नैवेद्य.

आम्ही पोंचलों तेव्हां तिन्ही गोष्टी एकदम बिघडलेल्या होत्या. टांकीत पाणी नाहीं. इंटरनेट चार दिवस बंद. आणि तिसरा बिघाड आत्याबाईंनीं सांगितलाच नव्हता, तो सर्वांत भयंकर होता.

प्रथम पाणी. वैशाखांत झरा पार तळाला गेला होता. परंतु मृगाच्या सरी पडून तो पुन्हां भरला, तरी नळाला पाणी येईना. मला वाटलें, नळांत गाळ बसला असावा. सगळा नळ उपसून काढावा. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आधीं पाणी कोठपर्यंत येतें तें पाहूं. नळाचा मधला जोड सोडा.” मधल्या जोडाशीं पाणी नव्हतें. मग वरच्या अर्ध्याचा मध्य पाहिला. तेथें पाणी होतें. अशा रीतीनें दर वेळीं शोधाचें क्षेत्र निम्म्यानें घटत गेलें आणि चौथ्या खेपेस आम्ही एका दगडी गडग्यापाशीं येऊन थांबलों. त्या गडग्यावरून नळ कमानीसारखा चढून पलीकडे उतरत होता.

बिघाड उघड झाला. झरा आटला तेव्हां नळाच्या तोंडांतून हवा आंत शिरली आणि ती त्या कमानीच्या माथ्यावर कोंडून राहिली. पाण्याला पुढें जावयाचें तर हवेला आधीं जागा सोडावयास हवी. आणि उतार फार नसल्यामुळें पाण्याच्या अंगीं तिला रेटून नेण्याचा जोर नव्हता. बाजारपेठेंतून एक ‘टी’ व लहान तोटी आणून ती कमानीच्या माथ्यावर बसविली. तोटी उघडतांच प्रथम फुसकारा, मग फेंस, आणि मग पाण्याची धार! तोटी बंद केली, तों खालीं टांकीत पाणी पडूं लागलें. हा उपाय चालला, कारण ती कमान झऱ्याच्या पातळीपेक्षां खालीं होती; ती वर असती तर तोटी उघडतांच उलट हवाच आंत ओढली गेली असती, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुणेंकरांस यांत नवें कांहींच नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी बंद नळांतून शहरांत आणलें, त्या वाटेवर जागोजाग ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. पाण्याबरोबर येणाऱ्या हवेला बाहेर पडण्यासाठीं तीं केलेलीं नाकेंच होत. आपल्या पूर्वजांस जें ठाऊक होतें, तें आमच्या गडग्यावर कोणाला सुचलें नव्हतें, इतकेंच.

त्याच ओघांत स्वयंपाकघरांतील गळका नळहि दुरुस्त केला. येणारें पाणी बंद करावें, नळाची मूठ सोडवावी, आंतील झिजलेला रबरी वायसर काढून नवा घालावा, कीं काम झालें. पंधरा मिनिटांचा खेळ. सेकंदास एक थेंब गळत असेल आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकांठीं चार लिटरांहून अधिक पाणी वायां जातें. झऱ्याच्या पाण्यावर राहणाऱ्या घरांत चार लिटर म्हणजे एका माणसाचें पिण्याचें पाणी होय.

इतकें झाल्यावर मी किती फुगलों असेन, तें वाचकांनींच ओळखावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाई न्हाणीघरांत निघाल्या, त्या हातांत लांकडी पाट घेऊन. “पाट कशाला?” असें विचारतां त्या सहज म्हणाल्या, “अरे, गीझर लावला कीं तो नळ चावतो. दोन महिने झाले. कोरड्या पाटावर उभें राहिलें म्हणजे चावत नाहीं.”

माझ्या अंगावर कांटा उभा राहिला. ‘चावणारा’ नळ म्हणजे वीज उतरलेला नळ. त्या कोरड्या पाटानेंच आजवर त्यांचा जीव वांचविला होता. पाट ओला झाला असता किंवा ओल्या भिंतीस हात लागला असता, तर आम्ही पाणी सुरूं केलें कीं नाहीं हें पाहावयास त्या राहिल्या नसत्या. मेन स्विच तत्काळ बंद केला. मग पेंचकस घेऊन मीच पुढें सरसावलों. परंतु फ्यूजची खोबण बाहेर ओढली मात्र, आणि माझा हात थांबला. आंत फ्यूजच्या बारीक तारेऐवजीं तांब्याची जाड तार पिळलेली होती. ती तार गेल्या दिवाळींत मींच घातली होती! तेव्हां फ्यूज वारंवार जात असे; तो पुन्हां जाऊं नये म्हणून मीं हा शहाणपणा केला होता आणि सर्वांकडून वाहवाहि मिळविली होती.

मग मात्र मीं परवाना असलेल्या एका तारतंत्र्यास बोलाविलें. तो पावसांतून दुपारीं आला, त्यानें सर्व तपासलें आणि घरामागील अर्थिंगचा खड्डा उकरला. खड्ड्यांतील तारेचा गंजलेला सांधा जळून तुटलेला होता. त्यानें कारणपरंपरा उलगडून सांगितली ती अशी: गीझरमधील तापणारी कांब फुटून वीज त्याच्या पत्र्यांत उतरत होती. अर्थिंग शाबूत होतें तोंपर्यंत ती वीज जमिनींत जात असे, प्रवाह वाढे आणि फ्यूज जळून पुरवठा तोडी. जाड तार घातल्यावर फ्यूज जळेना. मग तो सारा प्रवाह त्या गंजक्या सांध्यावर आला आणि सांधाच जळला. आतां वीज जमिनींत जाण्यास वाट उरली नाहीं. ती पत्र्यांतून लोखंडी नळांत येऊन कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहिली. “साहेब,” तो शांतपणें म्हणाला, “फ्यूज जात होता म्हणजे तो ओरडून सांगत होता. तुम्ही त्याचें तोंड बांधलेंत.”

इतकें यथार्थ बोलणें मीं फार दिवसांत ऐकलें नव्हतें. पुढें कायदा पाहिला, तेव्हां तोहि हेंच सांगत असल्याचें आढळलें. १९५६ सालच्या भारतीय वीज-नियमांप्रमाणें घरांतील वीजजोडणीचें काम परवानाधारकाखेरीज कोणीं करूं नये असें आहे. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, बटनें यांची अदलाबदल गृहस्थास करतां येते, परंतु मूळ जोडणीच्या क्षमतेंत वा स्वरूपांत फरक पडतां कामा नये. पुढील नियमांतहि ही मर्यादा कायम राहिली. फ्यूज बदलण्याचा मला अधिकार होता. त्याची क्षमता बदलण्याचा नव्हता. हौशी माणसाची सारी सीमारेषा या एका वाक्यांत आली.

त्या गृहस्थानें नवी अर्थिंगची तार टाकली, खड्ड्यांत कोळसा व मीठ भरून पाणी घातलें, गीझरची कांब बदलली, आणि आरसीसीबी नांवाचें एक लहान यंत्र बसविलें. घरांत येणारा आणि परत जाणारा प्रवाह यांची तें सतत तुलना करतें. तीस मिलिअँपियरइतका प्रवाह जरी भलत्या वाटेनें, म्हणजे एखाद्याच्या देहांतून, जाऊं लागला तरी डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं पुरवठा तोडतें. त्यावर चांचणीचें एक बटन असतें. तें महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. आत्याबाईंनीं त्यासाठीं संकष्टी चतुर्थी मुक्रर केली आहे.

उरलें इंटरनेट. येथें मीं पुढाकार घेतला नाहीं. मुलीनें राउटरच्या पेटीवरील दिवे पाहिले. त्यांतील एक लाल होता. त्याचा अर्थ, पेटीला वीज मिळते आहे, परंतु बाहेरून येणारा प्रकाश पोंचत नाहीं. हो, प्रकाशच! या तारेंतून वीज वाहत नाहीं. केंसासारख्या कांचेच्या तंतूंतून प्रकाश वाहतो. १८४१ सालीं जिनीव्हांत कोलाडोन यानें आणि १८५४ सालीं लंडनांत टिंडल यानें पाण्याच्या वांकत्या धारेंतून प्रकाशहि वांकत जातो हें दाखविलें. पुढें १९५४ सालीं आपल्या पंजाबांत जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॉपकिन्स यांनीं कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सकाळीं नळांतून पाणी आणणारे आम्ही, आतां नळांतून प्रकाश आणूं पाहत होतों!

तंतू फार आंखूड वळणांत मुडपला तर प्रकाश वाटेंतच गळतो. मुलीनें तार हातानें चांचपीत भिंतीच्या कडेनें नेली, ती कपाटामागें गेली. पहिल्या पावसांत छप्पर ठिबकलें म्हणून आत्याबाईंनीं शेजारच्या मुलांकडून कपाट सरकवून घेतलें होतें, आणि त्याच्या पायाशीं तार काटकोनांत दुमडली होती. कपाट पुढें ओढून तारेस मोकळें वळण दिलें, तों लाल दिवा विझला. तंतू तुटलेलाच असता तर तो जोडण्याचें यंत्र आमच्याजवळ नव्हतें. तेव्हां तक्रार नोंदवून वाट पाहणें हाच मार्ग होता. अशा तंतूच्या उघड्या टोंकांत कोणीं डोकावून पाहूं नये, कारण त्यांतला प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु इजा करूं शकतो.

तीन दिवसांचें सार सांगावयाचें तर असें: पाणी, वीज किंवा प्रकाश, वाहणारी वस्तु कोठें अडली हें आधीं शोधावें आणि मगच हत्यार उचलावें. मार्गाचा मध्य पाहून शोध निम्म्यानें कमी करीत जावा. उघडण्यापूर्वीं बंद करावें. पाण्याची तोटी असो वा मेन स्विच. वरचेवर जळणारा फ्यूज, चावणारा नळ, तापणारें बटन हे बिघाड नव्हेत, इशारे आहेत. त्यांचें तोंड बांधूं नये. पाणी चुकलें तर जमीन भिजते, इंटरनेट चुकलें तर बोलणें राहतें. वीज चुकली तर माणूस जातें. म्हणून पहिल्या दोहोंत हौस करावी, तिसऱ्यांत फक्त ओळख ठेवावी. आणि घरांतील वडीलधाऱ्यांस एकदां तरी विचारावें, ‘कांहीं चावतें का?’ कारण ते आपण होऊन सांगत नाहींत. पाट घेऊन जातात.

त्या रात्रीं नऊ वाजतां नातू पडद्यावर आला. आत्याबाईंनीं त्याला सारी हकीकत सांगितली. माझ्या जाड तारेचा भाग मात्र वगळला. बोलणें संपल्यावर त्यांनीं मला विचारलें, “त्या मुलाला पैसे दिलेस, तें ठीक, पण पावसांत आला होता, चहा दिलास का?” मीं दिला नव्हता. तेवढी एक दुरुस्ती राहून गेली होती. दुसऱ्या दिवशीं निघतांना त्याच्या घरावरून जाऊन ती पुरी केली.