फ्यूज उडला म्हणजे गाडीने हाक मारली

आज मी गाडीतल्या वायरींविषयी बोलणार आहे. काही जणी म्हणतील, हे काम गड्यांचं, आम्हाला त्यातलं काय कळतं? पण गाडी गटाच्या पैशातून घेतलेली असेल, हप्ता आपण भरत असू आणि बाजाराला जाताना केबिनमध्ये आपणच बसत असू, तर तिच्यात कोण काय जोडतंय हे आपल्याला कळायलाच हवं.

आमच्या एका गटाने मसाले आणि पापड आठवडी बाजारात न्यायला जुना छोटा टेम्पो घेतला. गिऱ्हाईक यावं म्हणून त्यावर भोंगा बसवला. संध्याकाळी माल दिसावा म्हणून मागे दोन एलईडी दिवे लावले. जोडणाऱ्याने सोपा मार्ग काढला. रेडिओच्या वायरीतूनच भोंग्याच्या मशीनला आणि दिव्यांना वीज दिली. पहिल्याच बाजारी दहा-पंधरा मिनिटांत सगळं बंद. फ्यूज उडाला होता. नवा घातला, तोही उडाला. मग कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी खोचली. भोंगा सुरू झाला आणि सगळ्यांना वाटलं, काम झालं.

तिसऱ्या आठवड्यात परत येताना केबिनमध्ये प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघाला. आत दोघी जणी होत्या. चालवणाऱ्या ताईंनी गाडी बाजूला घेऊन चावी काढली आणि दोघी खाली उतरल्या. तरी धूर थांबेना, कारण ती वायर चावी बंद केली तरी चालूच राहणारी होती. शेजारच्या ढाब्यावरच्या एका माणसाने बॅटरीची वायर सोडवली म्हणून निभावलं. वायरींची आख्खी जुडी वितळली होती. दुरुस्तीचा खर्च गटाच्या बचतीतून गेला.

चुकलं कुठे, ते बघू या.

आपल्या घरात पूर्वी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असायचा. त्यात बारीक तार असते. भार वाढला की ती तार वितळते आणि वीज तुटते. गाडीतला फ्यूज तेच काम करतो. प्लॅस्टिकच्या रंगीत तुकड्यात दोन पाती आणि मध्ये बारीक पट्टी असते. आपल्याला वाटतं, फ्यूज भोंगा वाचवायला आहे. तसं नाही. फ्यूज मुख्यतः वायर वाचवायला असतो. वायर जेवढा प्रवाह सोसू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे. फ्यूजच्या जागी चांदी, तांब्याची तार किंवा मोठा फ्यूज घातला, तर वितळायचं काम वायरीवर येतं. आणि वायर वितळली की आग लागते.

बारा व्होल्टची बॅटरी हात लावला तर झटका देत नाही, म्हणून आपण तिला साधी समजतो. पण तिची वायर पत्र्याला टेकली तर ती क्षणात शेकडो ॲम्पियर सोडते. आमच्या टेम्पोत तेच झालं. वायर पत्र्याच्या भोकातून तशीच ओढली होती. हादऱ्यांनी तिचं आवरण घासलं आणि आतलं तांबं पत्र्याला लागलं. खरा फ्यूज असता तर तिथल्या तिथे उडाला असता. चांदी उडाली नाही.

आता हिशेब. तो आपल्या वहीतल्या हिशेबापेक्षा अवघड नाही. वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. वॅटला बाराने भागा, ॲम्पियर मिळतात. भोंग्याचं मशीन 120 वॅटचं, म्हणजे 10 ॲम्पियर. दोन दिवे मिळून 24 वॅटचे, म्हणजे 2 ॲम्पियर. एकूण 12. त्यात रेडिओचे दीड, म्हणजे साडेतेरा. आणि तो फ्यूज होता 10 चा. तो उडणारच होता. तो खराब नव्हता, तो सांगत होता की भार जास्त झालाय.

फ्यूज किती ॲम्पियरचा, ते त्यावर लिहिलेलं असतं. रंगावरूनही ओळखता येतं: 10 चा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा, 30 चा हिरवा. लाल उडाला तर लालच घालायचा. दुसऱ्यांदाही उडाला तर आणखी फ्यूज घालत बसू नका, वायरमनला दाखवा.

नंतर एका जाणत्या वायरमनने काम नीट करून दिलं. त्याने भोंगा आणि दिव्यांसाठी बॅटरीपासून वेगळी वायर घेतली, अडीच चौरस मिलिमीटर जाडीची. बॅटरीपासून वीतभर अंतरातच 15 चा फ्यूज बसवला. फ्यूज बॅटरीजवळच का? कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कुणी राखणदार नसतो. तो तुकडा जितका आखूड तितकं बरं. फ्यूज 12 चा न घेता 15 चा घेतला, कारण भाराच्या सव्वापट फ्यूज ठेवतात. पण वायरही तेवढी सोसणारी हवी.

शिवाय त्याने रिले बसवला. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर आठवा. आपण बटण दाबतो, पण मोटारीची वीज त्या बटणातून जात नाही, स्टार्टरमधून जाते. रिले तसाच. स्विचमधून थोडासा प्रवाह जातो, मोठा प्रवाह रिले परस्पर सोडतो. त्यामुळे स्विच तापत नाही. रिले चावीला जोडला, म्हणजे चावी काढली की भोंगा आणि दिवे बंद.

गाडीत काहीही नवीन बसवताना एवढं विचारा:

वस्तू किती वॅटची? तिला वेगळा फ्यूज दिला का, आणि तो बॅटरीजवळ आहे का? वायर किती जाडीची? पत्र्याच्या भोकात रबर बसवलं का? जोड नुसते पिळून टेप लावलाय, की थिंबल दाबून वर स्लीव्ह चढवलीय? काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली का? ती आधी सोडायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची.

शंभर-दोनशे रुपये वाचवण्यासाठी यातलं काही गाळू देऊ नका. कर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न तर बसवूच नका, त्यांना कायद्याने मनाई आहे.

आणि कधी जळका वास आलाच, तर गाडी थांबवा, चावी काढा, सगळ्या जणी उतरून लांब जा. ज्वाळा नसतील आणि हात पोचत असेल तरच बॅटरीची वायर सोडवा. पाणी ओतू नका. आग दिसली तर 112 ला फोन करा. गाडी पुन्हा घेता येते.

या आठवड्यात एवढंच करा. गटाच्या गाडीची फ्यूजची पेटी उघडायला लावा आणि स्वतः डोकावून बघा. एखाद्या जागी रंगीत तुकड्याऐवजी चांदी किंवा तार दिसली, तर गाडी त्या दिवशी बाजाराला जाऊ देऊ नका. गटाच्या पेटीत दोन-चार जादा फ्यूजही ठेवा. ते थोडक्या रुपयांत मिळतात.

काळजी घ्या. पुन्हा भेटू. नमस्कार.