गाडीचा एसी फिल्टर आपल्या हातानं बदलू या

आज आपण कारमधल्या हवेबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आमच्या घरी कुठली कार? घरी नसेल, पण गावात एखादी असतेच. बाळंतपणाला निघालेली लेक, दम लागलेली सासू, तापानं फणफणलेलं लेकरू, यांना घेऊन आपण त्याच गाडीनं दवाखाना गाठतो. आता तर आपल्यातल्या काही जणी स्वतः गाडी चालवतात.

आणि आपले रस्ते कसे आहेत? एटापल्ली-आलापल्लीकडे सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. घुग्घुस, बल्लारपूर, राजुऱ्याकडे कोळशाची काळी धूळ. गडचांदूरकडे सिमेंटची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातले अतिप्रदूषित औद्योगिक भाग मोजले, त्यात आपलं चंद्रपूर होतं.

ट्रक समोर आला की आपण म्हणतो, "काचा लावा." पण काचा लावल्या तरी गाडीत हवा बाहेरूनच येते. समोरच्या काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते. तिथून पंखा हवा आत ओढतो. बहुतेक गाड्यांत या वाटेवर घड्या घातलेल्या जाड कागदाची एक चौकोनी गाळणी असते. मेकॅनिक तिला एसी फिल्टर किंवा केबिन फिल्टर म्हणतात. गाडीत एसी लावा की नुसता पंखा, हवा या गाळणीतूनच येते. इंजिनचा एअर फिल्टर वेगळा, तो बॉनेटखाली असतो. दुकानात मागताना हा फरक सांगा.

चहाची गाळणी चोथ्यानं भरली की चहा खाली उतरत नाही. तसंच इथं होतं. पंखा मोठा केला तरी हवा कमी येते, कुबट वास येतो. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरते आणि ती लवकर जात नाही. रात्री रोगी घेऊन जंगलातून जाताना समोरचं दिसेनासं होणं किती धोक्याचं, हे तुम्हाला सांगायला नको.

वर्षातून एकदा फिल्टर बदलावा. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर दर दोन-तीन महिन्यांनी काढून बघावा आणि काळा-लाल पडला असेल तर आधीच बदलावा. साधा फिल्टर बहुतेक छोट्या गाड्यांना दोनशे ते पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. दुकानात गाडीचं नाव, मॉडेल आणि साल सांगा.

आता काम कसं करायचं ते ऐका. गाडी मोकळ्या जागी उभी करा, इंजिन बंद करून किल्ली काढा, नाकाला रुमाल बांधा. चालकाच्या शेजारच्या सीटसमोर कागदपत्रं ठेवायचा खण असतो, तो रिकामा करा. खणाच्या दोन्ही बाजू हातानं आत दाबल्या की बऱ्याच गाड्यांत तो खाली लोंबतो. बाजूला दोरी किंवा दांडी अडकवलेली असेल तर ती आधी हलकेच सोडवा. मागे प्लास्टिकचं लांबट झाकण दिसेल. त्याची खिटी दाबून झाकण काढा.

फिल्टर ओढण्याआधी त्याच्यावरचा बाण कोणीकडे आहे ते बघून ठेवा. मग तो सावकाश, आडवा धरूनच बाहेर काढा, म्हणजे कचरा पंख्यात पडणार नाही. आतली जागा ओल्या फडक्यानं पुसा. नवा फिल्टर बाणाची दिशा तीच ठेवून बसवा, झाकण आणि खण लावा. पंखा सुरू करून बघा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. काही गाड्यांत जागा वेगळी असते आणि काही स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर बसवलेलाच नसतो. म्हणून गाडीचं पुस्तक आधी बघा. खण सुटत नसेल तर जोर लावू नका, खिटी तुटते.

कागदी फिल्टर पाण्यानं धुऊ नका. कागद सैल होतो आणि ओल राहिली तर बुरशी धरते. मोहाच्या झाडाखाली गाडी उभी असेल तर वायपरजवळचा पालापाचोळा, फुलं काढत जा. धान कापणीच्या दिवसांत आत उंदरांच्या लेंड्या सापडल्या तर कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून, साबणपाण्यानं भिजवून मग पुसा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधा फिल्टर जाड धूळ अडवतो, पण धुराचे अगदी बारीक कण सगळे अडवत नाही. आणि विषारी वायू तर तो मुळीच अडवत नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून बंद गाडीत कधीही झोपू नका, लेकरांना झोपवू नका. ट्रकमागे अडकलात तर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण दाबा, म्हणजे बाहेरची हवा येणं जवळजवळ थांबतं. पण धूळ सरली की ते बंद करा. भरलेल्या गाडीत तीच हवा फिरत राहिली तर डोकं जड होतं, चालकाला पेंग येते.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: आपल्या गावातून रोगी नेणाऱ्या गाडीचा फिल्टर शेवटी कधी बदलला? कुणालाच सांगता आलं नाही तर चालकदादाला बोलवा, खण उघडा आणि सगळ्या मिळून बघा.