जुन्या लेथचा चक ‘आउट’ फिरतोय? जॉ घासायच्या आधी हे बघा

यवतमाळ कापसाचा जिल्हा. कापूस आहे म्हणून जिनिंग आहे, आणि जिनिंगची दुरुस्ती आहे म्हणून लेथची वर्कशॉप्स आहेत. अशाच एका वर्कशॉपने काढून टाकलेला छोटा लेथ मी घेतला. दिवसा कोड, संध्याकाळी लोखंड! पहिलंच खरं काम पंपाच्या शाफ्टचं होतं. एक टोक टर्न केलं, शाफ्ट उलटा धरला, दुसरं टोक केलं. बेअरिंगच्या दोन जागा एका रेषेत आल्याच नाहीत. शाफ्ट भंगारात.

याला रनआउट म्हणतात. चकमध्ये धरलेल्या जॉबचा मध्य आणि स्पिंडलचा मध्य जुळत नाही. मोजायला डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड लागतो. लेथचा प्लग काढा, ग्राइंड केलेली डॉवेल पिन चकमध्ये धरा, तिच्यावर डायल टेकवा आणि चक हाताने फिरवा. मोबाईलवर डायलचा व्हिडिओ काढला तर सर्वात उंच जागा नेमकी कुठे येते ते नंतर निवांत बघता येतं. माझा काटा 0.18 मिमी हलला. काटा दुप्पट दाखवतो हं, म्हणजे मध्य सरकलाय 0.09 मिमी.

सगळ्यांचा पहिला विचार असतो, ‘जॉ झिजले, ग्राइंड करून टाकू’. थांबा. बग शोधताना आपण एकेक भाग वेगळा काढतो, तसंच इथे. सुरुवात स्पिंडलपासून.

बेडवर लाकडी फळी ठेवून चक उतरवला. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावला तर 0.01. म्हणजे स्पिंडल निर्दोष. चकच्या मागच्या बॅकप्लेटवर मात्र लोखंडाचा बारीक कीस दाबून बसला होता आणि बोल्टच्या भोकांभोवती बुर उठली होती. ती पॉलिश स्टोनने हलकेच काढली. जॉ बाहेर काढून आतली चकती रॉकेल आणि ब्रशने धुतली. जॉवर 1, 2, 3 असे आकडे असतात, त्याच क्रमाने परत बसवायचे. एवढ्यानेच 0.18 चं 0.10 झालं, खर्च शून्य.

उरलेल्यासाठी बॅकप्लेटची पायरी, जी चकच्या मागच्या खाचेत बसते, ती लेथवरच 0.3 मिमीने बारीक केली. आता चक किंचित सरकू शकतो. बोल्ट अर्धवट आवळून, उंच बाजूवर नायलॉनच्या हातोडीने टिचक्या मारत काटा 0.03 वर आणला आणि बोल्ट पक्के आवळले. पण आता चक फक्त बोल्टच्या पकडीवर असतो, त्यामुळे धक्के देणारा जड कट घेऊ नका. शिवाय हे सेटिंग त्याच व्यासाला लागू. दुसऱ्या व्यासाला रनआउट वेगळं येऊ शकतं.

जॉपासून 75 मिमी लांब डायल लावल्यावर काटा खूपच जास्त हलत असेल, तर जॉब तिरका धरला जातोय. मग टिचक्यांचा उपयोग नाही. जॉ ग्राइंड करायची वेळ तेव्हा येते, तीही जॉवर पकडीसारखा ताण ठेवून.

खरं सांगायचं तर एकाच पकडीत पूर्ण होणाऱ्या कामाला रनआउटचा फरक पडत नाही. उलटा धरायच्या शाफ्टला मी आता चार जॉचा चक वापरतो. प्रत्येक जॉ वेगळा फिरतो, वेळ लागतो, पण काटा 0.01 वर येतो. आणि तीन जॉचा चक उतरवताना चक आणि बॅकप्लेटवर समोरासमोर पंचची खूण करून ठेवतो.