चार क्षेपणास्त्रे, बाकी सगळी इंजिने

पुसदहून समुद्र गाठायचा तर कित्येक जिल्हे ओलांडावे लागतात. तरी नौदलाच्या एका गाजलेल्या रात्रीशी या गावाचा धागा जुळतो. १९७१ च्या युद्धात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी पुसदचे वसंतराव नाईक होते. त्यांनी सूत्रे हाती घेतली ५ डिसेंबर १९६३ रोजी. त्याला आठ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या रात्री मुंबईच्या ताफ्यातल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या नौका कराचीवर चालून गेल्या. लांबी जेमतेम ३९ मीटर, पूर्ण भरल्यावर वजन दोनशे टनांच्या आसपास. एवढ्याशा नौकेने विनाशिका बुडवली कशी, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

मोठी तोफ डागली की जहाजाला जबर हिसका बसतो. तो सोसायला जहाजही मोठे आणि भक्कम लागते. क्षेपणास्त्र मात्र स्वतःच्या इंजिनावर उडते, त्यामुळे ते लहान नौकेवरूनही सोडता येते. सोव्हिएत रशियाने याच तत्त्वावर ‘ओसा’ वर्गाच्या नौका बांधल्या. पोलादी सांगाडा, वर हलक्या मिश्रधातूचे बांधकाम आणि पोटात प्रत्येकी चार हजार अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने. वेग ताशी सुमारे सत्तर किलोमीटर. डेकच्या दोन्ही कडांना दोन-दोन बंदिस्त पेट्या, प्रत्येकीत एक क्षेपणास्त्र. मागची जोडी पुढच्या जोडीच्या वरून सुटेल अशी बसवलेली. पुढे आणि मागे ३० मिलिमीटरच्या जुळ्या तोफा, त्या मुख्यतः विमानांना रोखण्यासाठी. चिलखत नाही. चार वार करायचे आणि निसटायचे, एवढेच तिचे काम.

तिचे पी-१५ क्षेपणास्त्र, म्हणजे पाश्चात्त्यांचे ‘स्टिक्स’, दोन टनांहून जड होते. त्याचा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर. त्यात जवळजवळ पाचशे किलोचा स्फोटक भाग. इंधन आणि त्याला जाळणारे आम्ल एकमेकांना भिडताच पेटत, त्यामुळे ते भरण्याचे काम अतिशय जोखमीचे. नौकेचे रडार लक्ष्य शोधी. क्षेपणास्त्र बराचसा प्रवास ठरवून दिलेल्या दिशेने करी आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचे रडार सुरू करून लक्ष्यावर झेपावे. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या नौकांनी याच क्षेपणास्त्राने इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडवली, तेव्हा जगभरच्या नौदलांनी त्याची दखल घेतली.

भारताने अशा आठ नौका घेतल्या. मालवाहू जहाजातून त्या उतरवता येतील एवढी मोठी क्रेन मुंबई बंदरात नव्हती. म्हणून त्या कोलकात्यात उतरवून मुंबईपर्यंत ओढत आणल्या गेल्या. मुळात त्यांची रचना स्वतःच्या किनाऱ्याच्या राखणीसाठी होती. मुंबई ते कराची अंतर मात्र सुमारे ९०० किलोमीटर. पूर्ण वेगाने जाऊन परतण्याइतके इंधन त्यांच्यात मावत नव्हते.

त्या रात्रीच्या ‘ट्रायडेंट’ मोहिमेची आखणी ही उणीव धरूनच झाली. सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा आधार घेण्यात आला. इंधनासाठी ‘पोषक’ ही तेलवाहू नौका होती आणि सोबतीला अधिक लांबचे पाहू शकणाऱ्या रडारच्या ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या युद्धनौका. दिवस पाकिस्तानी विमानांच्या टप्प्याबाहेर काढून अंधार पडल्यावर मुसंडी मारायची, असा बेत होता. नेतृत्व कमांडर बब्रू भान यादव यांचे.

निर्घातने दोन क्षेपणास्त्रे सोडून ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली. आपल्यावर विमानाने हल्ला केला, असाच समज खैबरवरच्या खलाशांचा झाला. त्यांनी तसा संदेशही पाठवला. वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली, तर निपातच्या माऱ्यात ‘व्हीनस चॅलेंजर’ हे मालवाहू जहाज गेले. भारतीय बाजूला एकही जीव गेला नाही. चार दिवसांनी ‘विनाश’ने कराचीवर पुन्हा चार क्षेपणास्त्रे डागली. ‘ट्रायडेंट’च्या आठवणीसाठी ४ डिसेंबर हा नौदल दिन आहे.

पुढे क्षेपणास्त्र नौका आपल्याकडेच बांधल्या जाऊ लागल्या, मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आणि गोवा शिपयार्डमध्ये. २००२ मध्ये दाखल झालेल्या ‘प्रबळ’ आणि ‘प्रलय’ या नौकांवर चारऐवजी सोळा ‘उरान’ क्षेपणास्त्रे बसवली गेली. ही आकाराने लहान, लाटांना लागून उडणारी आणि सुमारे १३० किलोमीटर पल्ल्याची. जोडीला ७६ मिलिमीटरची तोफ. मार्च २०२३ मध्ये नव्या पिढीच्या सहा क्षेपणास्त्र नौका बांधण्याचा ९,८०५ कोटी रुपयांचा करार कोचीन शिपयार्डशी झाला. त्यांच्यावर ‘ब्रह्मोस’ असेल.

क्षेपणास्त्रे बदलली, मर्यादा तीच राहिली. १९९१ च्या आखाती युद्धात इराककडेही क्षेपणास्त्र नौका होत्या. हवाई छत्र नसल्याने हेलिकॉप्टर आणि विमानांनी त्या टिपून काढल्या. कराचीचा विजय चार क्षेपणास्त्रांच्या नौकेचा आहेच. पण तिला काय जमत नाही हे आधी ओळखून तिच्यासोबत रडार, इंधन आणि अंधार यांची जुळणी करणाऱ्यांचा वाटाही तेवढाच मोठा आहे.