'एलएस -एल' : टर्मिनलवरची ती ओळ नेमकी काय सांगते?

वसईचे विद्यावर्धिनी असो वा विरारचे विवा, अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत लिनक्सची प्रात्यक्षिके सुरू झाली की 'एलएस -एल' ही कमांड लगेच भेटते. अनेक जण त्यात फक्त फाईलचे नाव शोधतात. खरी माहिती मात्र ओळीच्या डाव्या टोकाला असते.

समजा, स्क्रीनवर असे दिसले :

-आरडब्ल्यू-आर--आर-- १ विद्यार्थी लॅब ८४५ जून १२ १०:४० जर्नल

पहिली खूण प्रकाराची. डॅश म्हणजे साधी फाईल, डी म्हणजे फोल्डर. पुढची नऊ चिन्हे तीन-तीनच्या गटांत वाचायची : मालक, त्याचा ग्रुप आणि उरलेले सगळे. आर म्हणजे वाचणे, डब्ल्यू बदलणे, एक्स चालवणे. म्हणजे हे जर्नल बदलू शकतो फक्त मालक. पण फोल्डरही खुले असेल, तर त्याच सर्व्हरवर लॉग-इन केलेला कोणीही ते वाचू शकतो. कॉपीची तक्रार करण्याआधी एवढे तपासलेले बरे! 'सीएचमॉड ६००' दिले की रूट वगळता इतरांचे वाचणे बंद. 'परमिशन डिनाइड' दिसताच ७७७ देऊन मोकळे होण्याची सवय मात्र घातक. मग फाईल सर्वांनाच बदलता येते.

१ ही हार्ड लिंकची संख्या, तिच्याकडे तूर्त दुर्लक्ष केले तरी चालेल. पुढे मालक व ग्रुपचे नाव, मग बाइटमधला आकार. तारीख शेवटच्या बदलाची, फाईल तयार झाल्याची नव्हे. सहा महिन्यांहून जुन्या फाईलपुढे वेळेऐवजी वर्ष दिसते.

आणि फाईल डिलीट कोण करू शकतो? ते या ओळीत कळतच नाही. ते फोल्डरच्या परवानगीवर ठरते. त्यासाठी 'एलएस -एलडी' आणि फोल्डरचे नाव द्यावे लागते.