मागची एक इंच उंची आणि पुढचा उजेड



ऊस विकास खात्याचा माणूस लागण, खोडवा, बेणं सोडून मोटारसायकलवर लिहायला बसला, तर तुम्ही म्हणाल, साहेबांना काम उरलेलं दिसत नाही. पण आपल्या कार्यक्षेत्रात ज्याच्या रानात ऊस आहे, त्याच्या दारात बहुधा मोटारसायकलही आहे. वैरणीचा भारा तिच्यावर, दुधाची किटली तिच्यावर, युरियाची 45 किलोची गोणी तिच्यावर आणि रात्री पाण्याच्या पाळीला जायचं तेही तिच्यावरच. तेव्हा ती शेतीचं अवजारच समजली पाहिजे. अवजार म्हटलं की ते नीट लावून घ्यावं लागतं. ते मी एकदा घेतलं नाही, त्याची ही हकिकत.

गेल्या हंगामात डिसेंबर महिन्यात माझ्या गाडीच्या मागच्या शॉकअपमधून तेल गळू लागलं. गाडी शंभर सी.सी.ची, मागे दोन बाजूंना दोन शॉकअप असणारी. तालुक्याच्या एका दुकानात गेलो. मूळ मापाचे शॉकअप तेव्हा शिल्लक नव्हते. मेस्त्री म्हणाला, "सायेब, हे घाला, लई दणकट हाईत. दोन गोण्या टाकल्या तरी गाडी बसायची न्हाई." बसवून घेतले. गाडी खरोखरच मागे उचलून धरल्यासारखी झाली, खड्ड्यात दणका बसेना. मी खूश झालो. साइड स्टँडवर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते, हे ध्यानात आलं होतं. पण त्याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी तोडणीचे फड बघून परतायला रात्र झाली. डीपर दिव्यावर पन्नासच्या आसपास वेगाने येत होतो. पुढे रस्त्यातच ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या उभ्या. मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर, दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ऊस दिसला तेव्हा तो अगदी जवळ आला होता. ब्रेक दाबून बाजूपट्टीवर घातली आणि तिथून चारीत गेलो. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावलं. ट्रॉलीवाल्याला मी खूप बोललो. पण घरी आल्यावर प्रश्न पडला की, त्या वळणाअलीकडच्या सरळ रस्त्यावर मला एवढी मोठी ट्रॉली आधी का दिसली नाही?

टेपनं दाखवलेली चूक

सरीची रुंदी मोजायचा टेप माझ्या पिशवीत कायम असतो. दुसऱ्या दिवशी तो गाडीला लावला. जुने शॉकअप पोत्यात होतेच. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजलं, तर नवे शॉकअप दीड सें.मी. लांब. शिवाय त्यांची स्प्रिंग कडक, त्यामुळे मी बसल्यावर गाडी पूर्वी जेवढी दबायची त्यापेक्षा एक सें.मी. कमी दबत होती. दोन्ही मिळून मागची बाजू अडीच सें.मी., म्हणजे एक इंच वर राहिली होती.

एक इंचानं काय होतंय, असं कुणीही म्हणेल. हिशेब असा. अशा गाडीच्या दोन चाकांतलं अंतर साधारण सव्वा मीटर. त्यावर अडीच सें.मी. म्हणजे शेकडा दोनचा उतार. सगळी गाडी पुढच्या बाजूला तेवढी झुकली आणि तिच्याबरोबर दिवाही झुकला. दिवा जमिनीपासून 90 सें.मी. उंच धरा. डीपरचा झोत शेकडा दीड उतारानं खाली जात असेल तर तो 60 मीटरवर रस्त्याला टेकतो. त्यात आणखी शेकडा दोन मिळवले की उतार साडेतीनचा होतो आणि झोत 26 मीटरवरच जमिनीत जातो.

ताशी 50 कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला 14 मीटर जाते. अडथळा दिसून हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो, तेच 14 मीटर. पुढे कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी आणखी 18-20 मीटर लागतात. म्हणजे थांबायला हवेत 33 मीटर आणि उजेड 26 मीटरचा. मी चारीत का गेलो, ते या आकड्यांत आहे.

मोजायचं कसं

शॉकअप बदलण्यापूर्वीच मापं घ्यावीत; जुने काढून टाकल्यावर मूळ उंची कळत नाही. मागच्या आसाच्या नटाच्या बरोबर वर, मडगार्डवर किंवा कॅरिअरच्या दांडीवर खडूनं खूण करावी. नटापासून त्या खुणेपर्यंत तीन वेळा मोजावं.

पहिलं माप गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी असताना. दुसरं माप गाडी चाकांवर सरळ उभी, मोकळी असताना. तिसरं माप तुम्ही स्वतः बसून, नेहमीचं ओझं लादून. मोजायला दुसरा माणूस घ्यावा. गाडी एक-दोनदा दाबून सोडावी आणि मग मोजावं. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक म्हणजे गाडीची बैठक. चाकाची एकूण वर-खाली जेवढी चाल असेल, तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकी बैठक एकट्या स्वारासाठी चांगली. नवे शॉकअप बसवल्यावर हीच तीन मापं पुन्हा घ्यावीत. तिसरं माप जुन्याशी जुळलं पाहिजे, हे मुख्य सूत्र.

जुळवायचं कसं

शॉकअपच्या खालच्या अंगाला खाचांची रिंग असते. हुक पान्यानं ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते आणि गाडी वर राहते. उलट फिरवली की गाडी खाली बसते. पुष्कळांची समजूत आहे की रिंग फिरवल्यानं स्प्रिंग कडक होते. स्प्रिंग तीच राहते, बदलते ती उंची. दोन्ही बाजूंची खाच सारखीच ठेवावी. ओझं लादून रोज जाणाऱ्यानं वरची खाच लावावी, एकट्यानं फिरणाऱ्यानं खालची.

मात्र रिंगेनं बैठकीचा फरक भरून निघतो, लांबीचा नाही. माझ्या गाडीची रिंग सर्वांत खालच्या खाचेवर आणली तेव्हा एक सें.मी. उतरली. उरलेल्या दीड सें.मी.साठी शेवटी मूळ लांबीचे शॉकअप मागवून घालावे लागले. सबब, घेतानाच भोक ते भोक माप जुळवून घ्यावं. शॉकअप जोडीनंच बदलावेत, आणि बसवताना एक बाजू पुरी झाल्यावरच दुसरी सोडावी. मधोमध एकच शॉकअप असलेल्या गाड्यांना तर फारच जपावं. तिथं शॉकअपमधला एक सें.मी. फरक चाकाशी दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो.

उंचीबरोबर बदलणाऱ्या गोष्टी

बैलगाडी भरताना आपण बघतोच. ओझं मागं गेलं की गाडी उलाळ होते, पुढं आलं की बैलांच्या मानेवर दाब येतो. मोटारसायकलचंही तसंच आहे. मागची बाजू वर राहिली की पुढचे फोर्क जास्त उभे होतात. हँडल चटकन वळतं, पण वेगात गाडी पूर्वीइतकी स्थिर राहत नाही. मागची बाजू बसली की हँडल पुढून हलकं लागतं, आणि डीपर लावूनही दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. जुने, दमलेले शॉकअप आणि मागे दोन गोण्या असतील तर समोरचा ट्रॅक्टरवाला आंधळाच होतो.

दुसरी गोष्ट चेन. चाक अधांतरी असताना मागचा चिमटा खाली लोंबतो, माणूस बसला की वर येतो. पुढचं लहान स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. म्हणून शॉकअप बदलल्यावर चेनचा ढिलेपणा गाडीवर माणूस बसवून पुन्हा तपासावा. स्टँडवर आवळलेली चेन ओझ्याखाली तुटायला येते.

तिसरी गोष्ट स्टँड. मागची बाजू वर गेली तर साइड स्टँडवर गाडी फार कलते. खाली बसली तर सरळ उभी राहते आणि दुसऱ्या अंगाला पडते. मागे दुधाची किटली असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

आणि एक कळकळीची विनंती. लांबी वाढवायला भोकाला पट्टी वेल्ड करणं किंवा उंची कमी करायला स्प्रिंगचे वेढे कापणं, असले उद्योग करू नयेत. वेल्ड तुटला तर तो भरल्या ओझ्यानिशी चालत्या गाडीतच तुटेल.

भिंतीवरची खूण

दिवा तपासायला खर्च नाही. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी, स्वतः बसावं, नेहमीचं ओझं ठेवावं. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखावी. डीपरच्या झोताची वरची कड त्या रेषेच्या 10 ते 20 सें.मी. खाली पडली पाहिजे. माझी त्या दिवशी 35 सें.मी. खाली पडली होती. उंची जुळवल्यावर थोडा फरक राहिला तर दिव्याचा स्क्रू फिरवून तो काढावा.

आमच्या गट ऑफिसच्या मागच्या भिंतीवर मी अशी रेघ आखून ठेवली आहे आणि दहा मीटरवर चुन्याची खूण केली आहे. गळीत सुरू होण्याआधी सभासदांनी संध्याकाळी येऊन गाडी लावून बघावी. ऊस वाहतूकदारांनीही ट्रॉलीचे रिफ्लेक्टर रोज पुसावेत, आणि ट्रॉली बंद पडली तर मागे लांबवर खूण ठेवावी. रान मोजल्याशिवाय आपण बेणं आणत नाही. शॉकअप आणायला जातानाही टेप खिशात असू द्यावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी